शेंदराची दोन बोटं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी इस्माईल मुकादम सरांचं नाव सांगतो. आईवडील त्यानंतर. आईला हे ठाऊक आहे आणि ती रुसत नाही. "आम्ही तुला शिकायला घातला, पण शिकवलान त्यांनी," असं ती स्वतःच शेजारणीला सांगते.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. म्हसळ्याच्या शाळेतून मी माणगावच्या कॉलेजात गेलो, भूगोल घेऊन बी.ए. झालो आणि पदवीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पनवेलला आलो. विचुंब्याला चौघांत एक खोली घेतली. भूगोलाच्या पदवीधराला काय काम मिळतं हे पनवेलमध्ये कोणालाच सांगता येत नव्हतं. खोलीतल्या एका मित्राने तळ्याजवळच्या गल्लीतली एक पाटी दाखवली. किराणा दुकानाच्या वर, लाकडी जिन्याच्या तोंडाशी, पत्र्यावर लिहिलं होतं : इ. मुकादम, मोजणी.

आत साठी ओलांडलेले, उंच, पांढऱ्या आखूड दाढीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलंच नाही. एक पेन माझ्या हातात दिलं, टोपण स्वतःच्या हातात लांब धरलं आणि म्हणाले, "एक डोळा मिट. आता पेन टोपणात घाल."

मी घातलं, ते हवेत गेलं. पुन्हा घातलं, त्यांच्या अंगठ्यावर शाईचा ठिपका उमटला.

"आता दोन्ही डोळे उघड."

पेन सरळ आत गेलं.

"बस. हेच आपलं काम," सर म्हणाले. "एकाच वस्तूचे दोन जागांवरून दोन फोटो. त्या दोघांतल्या फरकातून खोली कळते, उंची कळते. बाकीचं कॉम्प्युटर करतो. उद्यापासून ये. आणि चप्पल चांगली घे, चिखलात जावं लागतं."

सर तरुणपणी आखातात गेले होते. तिथं विमानातून वाळवंटाचे फोटो काढून नकाशे करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं काढली. बरोबरीचे लोक येताना सोनं आणि टीव्ही घेऊन आले. सर जुना स्टिरिओस्कोप घेऊन आले. दोन भिंगांचं, चार पायांवर उभं राहणारं ते यंत्र. त्याच्याखाली शेजारशेजारचे दोन हवाई फोटो ठेवायचे आणि वरून डोळे लावायचे. सपाट कागदातून टेकड्या वर उठतात. त्याचा आता काही उपयोग नव्हता. सगळं काम कॉम्प्युटरवर होत होतं. पण ऑफिसात कोणीही आलं, मग तो वीजबिलवाला का असेना, सर त्याला खुर्चीवर बसवून त्यात डोळे घालायला लावत. त्याच्या तोंडून "अरे!" निघालं की सरांचा दिवस चांगला जायचा.

नफिसाचाची, म्हणजे सरांच्या पत्नी, दुपारी डबा घेऊन येत. त्या म्हणत, "आमच्या निकाहला हे मंडपाचे बांबू तपासत फिरत होते. म्हणे एक बांबू कलता आहे. सगळे वाट बघतायत, काझीसाहेब बसलेत, आणि नवरामुलगा बांबूला ओळंबा लावतोय!"

"मग? कलता होता की नाही?" सर विचारत.

"होता."

"तर मग!"

सरांचं एक वाक्य होतं : माप ही अमानत आहे. कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू जशी आहे तशी परत द्यायची असते, तसं जमिनीने दिलेलं माप जसं आहे तसं पुढं द्यायचं. हे वाक्य ते क्वचितच बोलत, आणि बोलले की समोरच्या माणसाने समजून जावं, आता पुढं बोलून काही होणार नाही.

उलव्याच्या एका बिल्डरला हे समजायला वेळ लागला. त्याच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या लोकांनी तक्रार केली होती की इमारत कलते आहे. त्याला 'सरळ आहे' असा कागद हवा होता. आम्ही दोन दिवस चारी बाजूंनी फोटो काढले, आणि त्यांतून कॉम्प्युटरवर इमारतीची एकेक भिंत उभी केली. इमारत कलली होती. फार नाही, पण कलली होती. सरांनी तसं लिहिलं.

बिल्डर स्वतः जिना चढून आला. "सर, जरा बघा ना."

"बघितलं. म्हणून तर लिहिलं."

"तुम्ही आमच्या बाजूचे की त्या फ्लॅटवाल्यांच्या?"

"मी जमिनीच्या बाजूचा. ती एकटीच आहे, तिच्या बाजूला कोणी नसतं."

तो चिडून म्हणाला, "उलव्यात तुम्हाला पुन्हा काम मिळणार नाही."

"उलवे इथंच आहे, मी पण इथंच आहे," सर म्हणाले. "चहा घेऊन जा."

खरंच पुढं बरेच महिने उलव्यातून काम आलं नाही. मी काळजीत होतो. सर रोज वेळेवर यायचे, भिंगं पुसायचे आणि उपग्रहाची जुनी चित्रं उघडून खाडी पूर्वी कुठून वाहायची ते मला दाखवत बसायचे. "हे बघ, आज जिथं मॉल आहे तिथं भरतीचं पाणी यायचं. कागदावर कोणी काहीही लिहो, पाणी विसरत नाही."

त्या रिकाम्या दिवसांतच खाडीकाठच्या एका गावाचे लोक आले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. पुढं होता विलास पाटील, विमानतळाला गेलेल्या जमिनीच्या पैशात घर बांधलेला, गाडी घेतलेला, गावाचा पुढारी. आणि मागं हिराजीबाबा, गावदेवाची पूजा करणारे, वाकलेले, अनवाणी.

त्यांच्या गावाला खाडीपासून वाचवणारा एक मातीचा बांध आहे. बांधाच्या अलीकडे भातशेती आणि घरं, पलीकडे खारं पाणी. बांधाला लागून एका प्रकल्पासाठी नुकताच भराव सुरू झाला होता. डंपरमागून डंपर. गावाचं म्हणणं होतं की त्या भरावाच्या वजनाने खालचा चिखल दबतोय आणि बांध खाली बसतोय. भराववाल्यांचं म्हणणं होतं की बांध आहे तिथंच आहे. उधाणाचं पाणी बांधावरून गेलं तर आधी शेतं आणि मग खालच्या आळीची घरं.

"आमी सांगतो तं कोन ऐकत नाय," हिराजीबाबा म्हणाले. "बोलतान, मोजून दाखवा. आमी काय बोटानी मोजू?"

"बोटांनीच मोजू," सर म्हणाले. "पण बोट माझं."

विमानतळाजवळ ड्रोन उडवायला परवानगी मिळाली नाही. दुसऱ्या एखाद्याने काम सोडलं असतं. सर मंडपवाल्याकडे गेले, सर्वांत लांब आणि हलका बांबू निवडला, त्याच्या टोकाला कॅमेरा बांधला आणि बांधावर चालत निघाले. दर दोन पावलांना एक फोटो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे, म्हणून पाऊल चुकवायचं नाही. पोरंबायका बघायला जमल्या. कोणी तरी ओरडलं, "चाचा, आंबं कारताव काय?" सर वर न बघता म्हणाले, "नाय रे, तुझा बांध उतरवून घेतो."

आता माझी चूक सांगतो.

फोटोंतून बांधाची उंची काढायची तर जवळपास एखादी न हलणारी जागा लागते. सगळी मापं तिच्यावर टांगायची. बांधाजवळ सगळा चिखल. घट्ट अशी एकच वस्तू होती, गावदेवाचा दगड. खाली कातळ आहे, म्हणूनच देव तिथं उभा आहे, असं गाव सांगत होतं. खुणा निवडायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी देवाला नमस्कार केला आणि त्या दगडाचा माथा ही खूण धरली. सर देवापासून दहा पावलांवर बूट काढून उभे राहिले होते. हिराजीबाबा त्यांना म्हणाले, "चाचा, वर या की, देव काय हाकलत नाय." पण सर तिथूनच म्हणाले, "त्याला त्रास नको. हा बघेल." हा, म्हणजे मी.

एकदा भराव सुरू होताना मोजलं आणि एकदा वर्षानंतर. दोन मापांमधल्या काळात बांध चार बोटं खाली गेलेला दिसला. गावाच्या तक्रारीसोबत अहवाल सरकारी कचेरीत गेला आणि सुनावणीची तारीख लागली. स्थानिक पेपरात आलं. विलासने चौकात फलक लावला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सर कॉम्प्युटरवर दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी ठेवून बघत होते. मला हाक मारली.

"हा दगड अंगाने भरला कसा?"

मी पाहिलं. दुसऱ्या वर्षीच्या चित्रात देव सगळ्या बाजूंनी थोडा फुगला होता. क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं. शेंदूर! दर जत्रेला देवाला तेलात कालवलेला शेंदूर लावतात, थरावर थर. हे मला म्हसळ्याच्या लहानपणापासून माहीत होतं. मला, सरांना नव्हे.

आम्ही लगेच गावात गेलो. सरांनी हिराजीबाबांना विचारलं, "बाबा, यंदा शेंदूर किती लावला?"

"यंदा? काय इचारू नका! जमिनीचं पैसं आलं ना, परत्येक घराचा नवस होता. बादल्या भरून आनलान. मीच बोललो, देवाचं डोलं तरी उघडं ठेवा."

देवाच्या पायाशी उघडी असलेली कातळाची कड दोन्ही वर्षांच्या फोटोंत आली होती. सरांनी बांधावर बसूनच लॅपटॉप उघडला आणि त्या कातळापासून दगडाच्या माथ्यापर्यंत दोन्ही वेळचं अंतर काढलं. देव दोन बोटं वाढला होता. त्याचा माथा स्थिर धरला म्हणून बांध तेवढाच जास्त खाली दिसत होता. बांध खरा बसला होता तो दोन बोटं.

संध्याकाळी समाजमंदिरात गाव जमलं. सरांनी सगळं सरळ सांगितलं. मग विलास उठला.

"चाचा, चार बोटं छापून आलीत. उद्या तुम्ही चारच सांगायची."

"छापून आलं म्हणून बांध बसत नाही, विलास."

"त्यांना काय कळतंय? शेंदराचं त्यांना कोण सांगणार हाय?"

"मी."

"म्हणजे तुम्ही आमच्या विरुद्ध साक्ष देणार!"

मागून कोणी तरी म्हणालं, "भराववाल्यांनी काय दिलं चाचांना, इचारा."

मी तोंड उघडलं होतं. 'खूण मी निवडली, चूक माझी,' हे शब्द जिभेवर होते. सरांनी माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याबद्दलच हे सगळं लिहितोय.

"ऐका," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला तो मी पहिल्यांदाच ऐकला. "माझ्या वालिदांनी तुमच्या आज्यांच्या खांद्याला खांदा लावून मिठागरावर मीठ वाहिलंय. हा बांध मला तुमच्याइतकाच आहे. उद्या कोणी देवाचा शेंदूर दाखवून तुमची खोटी दोन बोटं पकडली, तर त्यांच्यासंगं खरी दोन पण वाहून जातील. मग उधाणाला चार सांगा की चौदा. मला चोर म्हणायचं तर म्हणा. पण उद्या मी जाणार, आणि दोनच सांगणार. माप ही अमानत आहे."

परतताना मी म्हणालो, "सर, उद्या माझं नाव सांगा. खूण मी धरली होती."

"अहवालावर सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग चूक पण माझी. तू रिक्षा बघ."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई तरुण आणि कडक होत्या. सर उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "माझ्या अहवालात चूक आहे. चार बोटं लिहिलंय, ते दोन वाचा." कारण सांगितलं. मागं भराववाल्यांचे लोक हसले. त्यांचे इंजिनिअर उठून म्हणाले, "मॅडम, यांचा देवच वाढतो. असल्या मोजणीवर काय बोलायचं? आमच्या मोजणीत बांध जरासुद्धा हललेला नाही. शून्य."

विलासने कपाळावर हात मारून घेतला.

सर बसले नाहीत. "साहेब, माझी चूक मी सांगितली. आता तुमचा शून्य बघू. तुम्ही मोजलं कशावरून?"

"सिमेंटचा खांब आहे. पक्का."

"कुठं उभा आहे?"

"आमच्या गेटाशी."

"आणि गेट कशावर?"

इंजिनिअर हातातले कागद चाळू लागले. बाईंनी मान वर केली. "उत्तर द्या."

"भरावावर."

"ओहोटी लागली की दोन होड्या जोडीनं खाली जातात," सर म्हणाले. "एकीतून दुसरी बघा, ती जागची हलत नाही. तुमचा खांब आणि आमचा बांध एकाच चिखलात जोडीनं खाली चाललेत, मॅडम. म्हणून यांना शून्य दिसतो. तिकडे टेकडीवर उघडा कातळ आहे. तिथून पातळी आणा, दोघांसमोर मोजा. माझी दोन बोटं खोटी निघाली तर मी पाटी उतरवतो."

बाईंनी हुकूम लिहायला घेतला : टेकडीवरच्या कातळापासून संयुक्त मोजणी, तोपर्यंत भराव बंद. तेवढ्यात भराववाल्यांचे वकील उठले. म्हणाले, ज्याने चूक कबूल केली आहे अशा माणसाला मोजणीत घेऊ नये. गावाने दुसरा माणूस द्यावा. बाईंनी विलासकडे पाहिलं. "गावाची हरकत आहे?"

सरांनीच गावाला हा हुकूम मिळवून दिला होता. विलास खाली बघत म्हणाला, "नाही."

"मग गावाकडून कोण?"

सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं ढकललं. "हा. याच्या नावावर काही चूक नाही."

हुकुमाची प्रत घ्यायला मी मागं थांबलो. खिडकीतून खाली पाहिलं तर गावाच्या गाड्या निघून गेल्या होत्या. सर पुरावा म्हणून आणलेला तो बांबू खांद्यावर टाकून एकटेच फाटकाबाहेर पडत होते. रिक्षात बांबू मावेना. रिक्षावाला म्हणाला असावा, टाकून द्या. सरांनी मान हलवली आणि भर रस्त्याने चालू लागले. बांबूचं पुढचं टोक वर, मागचं टोक डुलतंय, मागच्या गाड्या हॉर्न देतायत, एका टेम्पोवाल्याने तर डोकं बाहेर काढून शिवी दिली. सरांनी चाल वाढवली नाही, कमीही केली नाही. वळणावर त्यांनी बांबू असा झुकवला की कोणाला टोक लागू नये, आणि ते दिसेनासे झाले.

मी ऑफिसात पोचलो तेव्हा किल्ली किराणावाल्याकडे होती आणि टेबलावर चिठ्ठी : 'थोडे दिवस मुलीकडे महाडला जातो. मोजणीला तू उभा राहा. माझं नाव काढू नको.'

येत्या सोमवारी ती मोजणी आहे. काल मी सरांना महाडच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. फोन केला असता तर त्यांनी मला पहिल्या वाक्यालाच थांबवलं असतं. पत्राची नक्कल इथं देतो आणि थांबतो.

आदरणीय सर,

सादर नमस्कार. चाचींनाही नमस्कार.

आज मी अधिकारी बाईंना लेखी दिलं आहे की दगडाचा माथा खूण म्हणून मी निवडला होता. शेंदराचं मला माहीत असायला हवं होतं, आणि तुम्हाला देवाजवळ न जाण्याचा संकोच होता म्हणून तुम्ही ते काम माझ्यावर सोपवलं होतं, हेही लिहिलं. खाली माझी सही आहे. शेवटी लिहिलं आहे की चूक करणारा माणूस मोजणीला चालत नसेल तर मीही चालत नाही, आणि चूक स्वतःहून सांगणारा चालत असेल तर आम्ही दोघेही चालतो.

तुम्ही विचाराल, मग बांधाचं काय? दोघांनाही काढलं तर गावाकडून कोण? त्याचा विचार करून मी आधी गावात गेलो होतो. समाजमंदिरात उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं. विलासशेठ मला खूप बोलले. मी ऐकून घेतलं, पण मागं फिरलो नाही. हिराजीबाबा उठले आणि म्हणाले, "मानूस देयाचा तं चाचाच देऊ. नायतं आमी कोनच येत नाय." त्यांनी अर्जावर अंगठा दिला. त्यांच्यामागं खालच्या आळीच्या बायका आल्या. त्यांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. सर्वांत शेवटी विलासशेठनीही सही केली. माझ्याशी ते बोलले नाहीत.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. मला विचारलं, "हे लिहून तुमचं नुकसान होईल, कळतंय ना?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "सोमवारी दोघे या. हुकूम बदलायचा की नाही ते मी तिथंच सांगेन." म्हणजे आत घेतील की परत पाठवतील, मला माहीत नाही.

तुम्ही नाव काढू नको म्हणालात, मी काढलं. आजवर तुमचा एकही शब्द मोडला नव्हता. हा मोडला, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

सकाळी सात वाजता टेकडीवरच्या कातळावर मी उभा असेन. महाडहून पहाटेची गाडी आहे. रागवायचं असेल तर तिथं येऊन रागवा.

तुमचा,
संदेश